‘कंपनीला दोष दिला, तर मुलाची चूक झाकली जाते का?’

पत्र

दादा, नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे. गेली एकतीस वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात डेटनजवळ राहतो. २००८ साली आमचा मुलगा अठरा वर्षांचा होता. सॉकर खेळताना गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं आणि घरी येताना ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक गोळ्यांची बाटली मिळाली. ‘दुखायची वाट बघू नका, वेळेवर द्या,’ असं सांगितलं होतं, म्हणून मी रात्रीसुद्धा गजर लावून उठायचे आणि त्याला गोळी द्यायचे. दोन-तीन वर्षांत तो बाहेरून गोळ्या घ्यायला लागला, मग हेरॉइन. पुढचं लिहीत नाही. दोनदा त्याला मरणाच्या दारातून परत आणलं. त्याचा जिवलग मित्र परत आला नाही. आता मुलगा चार वर्षं ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या औषधावर आहे, नोकरी करतो.

मिस्टरांचं म्हणणं असं, की ती गोळी बनवणाऱ्या कंपनीला कोर्टात दोष देणारे आईबाप स्वतःच्या पोरांवर पांघरूण घालतात. ‘शंभर पोरांना त्या गोळ्या मिळाल्या, सगळी नाही बिघडली. आणि आता एका गोळीच्या जागी दुसरी गोळी घेतो, हे कसलं सुटणं?’ २०२० साली भरपाईच्या अर्जाची जाहिरात टीव्हीवर लागली की ते चॅनेल बदलायचे. साताऱ्याला सासूबाईंना आम्ही ‘त्याला डिप्रेशन आहे’ असं सांगितलंय. नोव्हेंबरात कोर्टाच्या निकालाची बातमी वाचली आणि झोप उडाली. आता आम्हाला अर्ज करता येईल का? आणि पैशाचं राहू द्या, कंपनीला जबाबदार धरणं म्हणजे मुलाची आणि माझी चूक झाकणं आहे का? गोळ्या तर मीच दिल्या होत्या. ती पहिली बाटली अजून माझ्या कपाटात आहे.

– एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या गजरापासूनच सुरुवात करतो. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

ऑक्सिकॉन्टिन १९९६ साली बाजारात आली ती एका दाव्याच्या जोरावर: एक गोळी, बारा तास आराम. तिच्यासारख्या अफूवर्गातल्या साध्या गोळ्या दर चार-सहा तासांनी घ्याव्या लागायच्या, त्यामुळे हे बारा तास हाच ती बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीचा हुकमी एक्का होता. प्रत्यक्षात कित्येक रुग्णांचा अंमल त्याआधीच उतरायचा. मग दुखणं परत, वर घाम, तगमग, जिवाची घालमेल. पुढची गोळी पोटात गेली की सुटका. शरीराला रोज असं झुलवलं की मेंदू त्या सुटकेचीच वाट पाहायला शिकतो. तक्रारी कंपनीपर्यंत पोचत होत्या. तरी तिच्या प्रतिनिधींनी डॉक्टरांना सांगायचं ते हे, की दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करू नका, गोळीची ताकद वाढवा. अंतर कमी केलं असतं तर बारा तासांचा दावा कोसळला असता आणि त्याच्याबरोबर महागडी किंमतही. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१६ साली हे कागदपत्रांनिशी छापलं. तुमचा गजर, ताई, त्या दाव्याच्या तालावर वाजत होता. तुम्ही आईने करावं तेच केलंत: डॉक्टरांनी सांगितलेली वेळ चुकवली नाहीत.

मी व्यसनमुक्तीच्या कामात येण्याआधी अकरा वर्षं एम.आर., म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. मिरज, जत, तासगाव, विटा हा माझा पट्टा. बॅगेत सॅम्पल, हातात व्हिज्युअल एड आणि पेशंटच्या रांगेशेजारी तासभर उभं राहून मिळालेली दोन मिनिटं. एका वेदनाशामक कॅप्सूलबद्दल मी शेकडो डॉक्टरांना सांगितलं आहे, ‘सर, याची सवय लागत नाही.’ तसं छापून आलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत परदेशी जर्नलचं नाव होतं. ते जर्नल मला कोणी दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही. पुढे त्याच कॅप्सूलमध्ये अडकलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसली. त्यांच्यातल्या एकालाही मी हे सांगू शकलो नाही. ते ओझं आजही उतरलेलं नाही, म्हणून तुमच्या पत्राला उत्तर देताना मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही.

अमेरिकेत तेच वाक्य कुठून आलं ते पाहा. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातली औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची सापडली, असा त्याचा मजकूर. नर्सच्या हातून, वॉर्डात, मोजून मिळालेलं ते औषध होतं. महिनाभराची बाटली घरी घेऊन जाणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्याचं हळूहळू ‘व्यसनाचं प्रमाण एक टक्क्याहून कमी’ असं सुभाषित झालं आणि ते प्रतिनिधींच्या तोंडी, डॉक्टरांच्या शिबिरांत, व्हिडिओंत फिरलं. २०१७ साली त्याच जर्नलने मोजदाद छापली: त्या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला होता आणि बहुतेकांनी तो व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून दिला होता.

खुद्द गोळीच्या सरकारमान्य माहितीपत्रकात एक वाक्य घुसलं होतं, की औषध सावकाश शोषलं जात असल्यामुळे त्याच्या गैरवापराची शक्यता कमी होते ‘असं मानलं जातं’. कोण मानतं, कशावरून, याचा पत्ता नाही. ते वाक्य मंजूर होताना अन्न व औषध प्रशासनात ज्या अधिकाऱ्याच्या हातात ही फाइल होती, तो पुढे पर्ड्यूच्याच नोकरीत गेला. वाक्य २००१ साली काढलं, पण तोवर विक्री १९९६ च्या ४ कोटी ८० लाख डॉलरवरून २००० साली ११० कोटींच्या घरात गेली होती. सुरुवातीच्या गोळ्या फुकट मिळवून देणारी कुपनं वाटली जात होती. माझ्या बॅगेतल्या सॅम्पलचंच हे मोठं भावंड.

औषध मुळात वाईट होतं असं मात्र मी म्हणणार नाही. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत मॉर्फिनवाचून तळमळणारी माणसं मी आपल्याकडे पाहिली आहेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दुकानदार आणि रुग्णालयं मॉर्फिन ठेवायलाच भीत होती. २०१४ च्या दुरुस्तीनंतरही खेड्यात ते सहज मिळत नाही. ज्याला हवं त्याला न मिळणं आणि ज्याला चार दिवसांपुरतं हवं त्याच्या हातात महिन्याची बाटली देणं, दोन्हींत माणूस मरतोच.

आता तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्याकडे येतो. शंभर पोरांपैकी सगळी बिघडली नाहीत, हे खरं आहे. गावच्या विहिरीचं पाणी नासलं तरी सगळा गाव गॅस्ट्रोने आजारी पडत नाही. म्हणून विहीर तपासायची नाही का? आणि जो आजारी पडला त्याला ‘तुझंच पोट कच्चं’ म्हणायचं का?

त्यांना एक ईमेल वाचायला द्या. २००१ च्या सुरुवातीला गोळ्यांनी माणसं मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा पर्ड्यूचे अध्यक्ष रिचर्ड सॅकलर यांनी तो लिहिला होता. गैरवापर करणाऱ्यांवर जमेल त्या सगळ्या मार्गांनी घाव घाला, दोषी तेच आहेत, खरी समस्या तेच आहेत, ते बेदरकार गुन्हेगार आहेत, असा त्याचा आशय. मॅसॅच्युसेट्स राज्याने भरलेल्या खटल्यातून २०१९ साली हा ईमेल जगासमोर आला. ‘पोरगंच बिघडलं’ हे वाक्य तुमच्या घरात तुमच्या मिस्टरांच्या तोंडून आलं असेल, पण ते त्यांचं नाही. कंपनीने मेलेल्यांवर आणि आजारी माणसांवर दोष ढकलायचा हे धोरण म्हणून ठरवलं, आणि ते इतकं मुरलं की ज्यांचं घर पोळलं तेच ते बोलायला लागले. तुम्ही १७ वर्षं जी लाज वागवताय ती तुमच्या घरची नाही.

आणखी एक तारीख त्यांच्यापुढे ठेवा. मे २००७ मध्ये, म्हणजे तुमच्या हातात ती बाटली येण्याच्या साधारण वर्षभर आधी, व्हर्जिनियातल्या ॲबिंग्डनच्या कोर्टात पर्ड्यूच्या एका कंपनीने गुन्हा कबूल केला होता. इतर वेदनाशामकांपेक्षा ही गोळी कमी व्यसन लावते असं सांगत, फसवण्याच्या हेतूने तिची जाहिरात केली, अशी ती कबुली. तीन बड्या अधिकाऱ्यांनी किरकोळ स्वरूपाचा गुन्हा मान्य केला. दंड सगळा मिळून ६३ कोटी डॉलरच्या आसपास. तुरुंगात कोणीही गेलं नाही. गोळी दुकानात तशीच राहिली आणि पुढच्या वर्षी तुमच्या मुलाच्या उशाशी आली. इथे मला राग आवरत नाही. कोर्टाला माहीत, कंपनीला माहीत, सरकारला माहीत, आणि डेटनमधल्या आईला मात्र कोणी सांगितलं नाही.

गोळ्यांवरून तो हेरॉइनकडे कसा वळला हेही तुम्हाला कळत नसेल, तर ऑगस्ट २०१० आठवून पाहा. तेव्हा कंपनीने गोळी बदलली, ती कुटता येईना, विरघळवता येईना. कागदावर चांगली सुधारणा. पण तोपर्यंत ज्यांचं शरीर तिच्या आहारी गेलं होतं त्यांच्यासाठी उपचाराची सोय कोणी उभी केली नाही, आणि रस्त्यावर हेरॉइन स्वस्त होतं. देशात हेरॉइनने मरणाऱ्यांचा आकडा २०१० साली ३,०३६ होता, २०१४ मध्ये १०,५७४ झाला. मग त्यात फेंटानिल हे त्याहून जहाल औषध मिसळलं गेलं. १९९९ ते २०२३ या काळात अफूवर्गातल्या पदार्थांनी अमेरिकेत सुमारे ८ लाख माणसं गेली. तुमच्या मुलाचा मित्र त्यातलाच.

तर झाकणं आहे का? नाही. मुलाने ज्या चुका केल्या असतील, खोटं बोलला असेल, घरातले पैसे घेतले असतील, त्या त्याच्या आहेतच, आणि तो त्या रोज फेडतोय: सकाळी उठून औषध घेतो आणि कामावर जातो. कंपनीच्या मालकांनी काय फेडलं ते पुढे सांगतो. जबाबदारी म्हणजे ताटातली भाकरी नव्हे, की एकाला वाढली म्हणून दुसऱ्याला कमी पडेल.

आधी अर्जाचं. मी वकील नाही, म्हणून जे सार्वजनिक आहे तेवढंच सांगतो. पर्ड्यूने सप्टेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. व्यक्तींनी दावे दाखल करायची मुदत ३० जुलै २०२० ला संपली. तुमच्या घरी चॅनेल बदललं जात होतं, ते हेच दिवस. त्या मुदतीत अर्ज न भरलेल्यांसाठी हे दार बहुधा बंद आहे. अशा दाव्यांचं काम करणाऱ्या ओहायोतल्या वकिलाला एकदा विचारून खात्री करून घ्या. कोणी आधी फी मागून ‘नक्की मिळवून देतो’ म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि जे आत होते त्यांना काय मिळणार तेही ऐका. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा पुरावा असेल तर बातम्यांनुसार साधारण ८,००० किंवा १६,००० डॉलर, त्यातून वकिलाची फी वजा. दार चुकल्याचं दुःख करत बसावं एवढी ती रक्कम नाही. मिस्टरांना यावरून बोल लावू नका. चॅनेल बदलणारा तो हात रागाचा नव्हता, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. त्यांना ते बघवत नव्हतं.

पर्ड्यूचे मालक असलेल्या सॅकलर कुटुंबाने २००८ पासूनच्या दहाएक वर्षांत कंपनीतून १ हजार कोटी डॉलरहून जास्त पैसा बाहेर काढला होता. पहिल्या दिवाळखोरी आराखड्यात त्यांनी काही रक्कम द्यायची आणि बदल्यात यापुढे कोणीही त्यांच्यावर दिवाणी दावा लावायचा नाही असं कवच घ्यायचं, असा सौदा होता. स्वतः दिवाळखोर न होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. मग नवा आराखडा झाला, तो न्यायाधीश शॉन लेन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्य केला. तुम्ही वाचलीत ती बातमी त्याचीच. सुमारे ७४० कोटी डॉलर, त्यातला बहुतेक भाग सॅकलरांचा, तोही पंधरा वर्षांत हप्त्याहप्त्याने. कंपनी त्यांच्या हातातून गेली. जे या तडजोडीला तयार नाहीत त्यांना आता दावा लावायचा मार्ग उघडा आहे. पण कंपनीने २००७ नंतर २०२० मध्ये पुन्हा एकदा गुन्हे कबूल केले असूनही त्या कुटुंबातल्या एकाही माणसावर फौजदारी खटला चाललेला नाही. हा न्याय पुरा झाला असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल.

मालकाला तुरुंगात घालताच येत नाही, असं मात्र नाही. इन्सिस थेराप्युटिक्सचे संस्थापक जॉन कपूर जन्माने अमृतसरचे, मुंबई विद्यापीठातून फार्मसी शिकून अमेरिकेला गेलेले. त्यांची कंपनी जिभेखाली मारायचा फेंटानिलचा स्प्रे विकायची. परवानगी कॅन्सरच्या रुग्णांपुरती होती. कंपनीने डॉक्टरांना ‘भाषणांचं मानधन’ या नावाखाली लाच देऊन तो कॅन्सर नसलेल्यांनाही लिहून घेतला. बॉस्टनच्या ज्यूरीने मे २०१९ मध्ये कपूर यांना संघटित गुन्हेगारीच्या कटात दोषी ठरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये ६६ महिन्यांची शिक्षा झाली. भाषणांचं मानधन! माझ्या पट्ट्यात त्याला ‘सायंटिफिक प्रोग्रॅम’ म्हणायचे, नंतर जेवण असायचं.

गोळ्या वाहून नेणारेही यात होते. वेस्ट व्हर्जिनियातलं कर्मिट हे जेमतेम चारशे वस्तीचं गाव. तिथल्या एका औषधदुकानाला दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अफूवर्गातल्या वेदनाशामकाच्या जवळजवळ ९० लाख गोळ्या पोचल्या. त्या पाठवणाऱ्याला हा आकडा दिसला नसेल? आपल्याकडचा साधा स्टॉकिस्टसुद्धा एखाद्या दुकानाची ऑर्डर दुप्पट झाली की फोन करून विचारतो. तुमच्या ओहायोतल्या ट्रम्बुल काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, २०१२ ते २०१६ या काळात सुमारे ८ कोटी गोळ्या विकल्या गेल्या, माणशी ४०० पडतात. क्लीव्हलँडच्या कोर्टातल्या ज्यूरीने २०२१ मध्ये सीव्हीएस, वॉलग्रीन्स आणि वॉलमार्ट या दुकानांच्या साखळ्यांना दोषी धरलं, पुढच्या वर्षी ट्रम्बुल आणि लेक या दोन काउंट्यांना मिळून ६५ कोटी डॉलर द्यायचा आदेश झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा वेगळा अर्थ लावला आणि तो निकाल टिकला नाही. कोर्टात गेलं की कंपनीकडून पैसे काढता येतात, असं मिस्टरांना वाटत असेल तर त्यांनी त्या काउंट्यांच्या लोकांना विचारावं.

तरीही पैसा आलेला आहे, आणि तो तुमच्या दाराशी आहे. मॅकेसन, कार्डिनल, अमेरिसोर्सबर्गन या तीन वितरक कंपन्या आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याबरोबर २०२२ मध्ये पक्की झालेली तडजोड २,६०० कोटी डॉलरची. कार्डिनलचं मुख्यालय तुमच्याच राज्यात, डब्लिनला आहे. वितरकांचे हप्ते १८ वर्षं चालायचे आहेत. तंबाखू कंपन्यांशी १९९८ मध्ये अशीच मोठी तडजोड झाली होती आणि त्यातला फार मोठा पैसा राज्यांनी भलतीकडेच वापरला. तो धडा लक्षात ठेवून या वेळी किमान ८५ टक्के रक्कम व्यसनाच्या संकटावरच खर्च करायची अट घातली आहे. अट कागदावर असते. टेनेसीतल्या ग्रीन काउंटीने आपल्या वाट्यातले २० लाखांहून अधिक डॉलर कर्ज फेडायला वापरले.

ओहायोत वाटणी अशी आहे: ५५ टक्के या पैशासाठीच उभारलेल्या वनओहायो रिकव्हरी फाउंडेशनकडे, ३० टक्के थेट शहरं आणि काउंट्यांकडे, १५ टक्के राज्याकडे. फाउंडेशनने राज्याचे १९ विभाग केले आहेत. तुमच्या विभागाचे पैसे कोणाला मिळाले, काउंटीने आपल्या ३० टक्क्यांतून काय घेतलं, उपचार केंद्रातल्या जागा वाढवल्या की पोलिसांच्या गाड्या घेतल्या, हे विचारायला वकील लागत नाही. काउंटी कमिशनरांच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ असतो. मला तुम्ही तिथे जायला हव्या आहात. कंपनीला जबाबदार धरण्याचं जे काम तुमच्या हातात उरलं आहे ते हेच: तिच्याकडून निघालेला डॉलर तुमच्या मुलासारख्या पोरापर्यंत पोचतो की नाही ते पाहणं. हे काम कोर्टाने केलेलं नाही, करणारही नाही.

जाण्याआधी थोडं वाचून जा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने या कंपन्यांचे अंतर्गत कागद एकत्र करून सगळ्यांना फुकट खुले केले आहेत. लाखो दस्तऐवज आहेत, नाव टाकून शोधता येतात. मिस्टर इंजिनियर असोत की अकाउंटंट, आकड्यांचा माणूस असेल तर त्यांना एक रविवार त्यात बसू द्या. तुम्ही वाद घालू नका. कागद बोलतील.

आता घरातलं. ‘एका गोळीच्या जागी दुसरी’ हे वाक्य आजपासून घरात बंद करायला हवं, आणि हे मी अगदी हट्टाने सांगतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागी बसतं पण अर्धवट काम करतं. तलफ आणि तगमग थांबते, नशा चढत जात नाही. हे किंवा मेथाडोन हे त्याच कामाचं औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, असं अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. घरच्यांच्या टोमण्याला कंटाळून ‘आता मी बरा आहे’ म्हणत औषध सोडलेली आणि महिन्याभरात गेलेली मुलं मला माहीत आहेत. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्याच मापाने एकदा घेतलं की संपतं. औषध कधी कमी करायचं हे तो आणि त्याचे डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन घेणाऱ्या मेहुण्याला कोणी विचारतं का, की सुटलास का?

घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे अफूवर्गातल्या औषधाचा अतिडोस उतरवणारा नाकातला स्प्रे आहे ना? नसेल तर हे पत्र खाली ठेवा आणि आधी तो आणा. २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि ओहायोत प्रोजेक्ट डॉन या राज्याच्या योजनेकडून फुकट. माणूस हलवून उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, तर ९११ या तातडीच्या नंबरला फोन, एका नाकपुडीत एक फवारा, दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. मिस्टरांनाही शिकवा. मुलगा स्थिर आहे तरीही. कधी बोलायला माणूस हवा असेल तर १-८००-६६२-४३५७ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास असते. तुमच्यासारख्या घरच्यांसाठीसुद्धा ती आहे.

सासूबाईंचं. त्यांना काय सांगायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं नाही, मुलाने ठरवायचं. आजार त्याचा, गोष्ट त्याची. त्याला विचारा. माझा अनुभव असा, की ज्याने मरण दोनदा पाहिलं त्याला आजीची भीती आईबापांपेक्षा कमी वाटते. आणि साताऱ्याला हे कळणारच नाही असंही समजू नका. २०१८ साली आपल्या सरकारने ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक अमली पदार्थ कायद्याखाली आणलं ते उगीच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने दाखवलं, की मुंबईच्या अवियो फार्मास्युटिकल्स कंपनीच्या टॅपेंटाडॉल हे अफूवर्गातलं औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध मिसळलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर पोरं चघळतायत. त्यानंतर आपल्या औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. तिकडच्या कुठल्यातरी आईनेही आता आपल्या पोरालाच दोष दिला असेल. तुमची गोष्ट साताऱ्यात पोचली तर एखाद्या घरी वेळेत उपयोगी पडेल. इथे कोणाला मदत हवी असेल तर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

मार्च २०२२ मध्ये पर्ड्यूच्या दिवाळखोरी कोर्टाने एक वेगळा दिवस ठेवला होता. व्हिडिओवरून मुलं गमावलेले आईबाप आणि स्वतः त्यातून गेलेली माणसं, एकेक करून सॅकलर कुटुंबातल्या तिघांशी बोलली. त्या तिघांनी फक्त ऐकायचं होतं. एका जोडप्याने आपला मुलगा गेला त्या दिवशी ९११ ला केलेला फोन वाजवून दाखवला. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या. त्या दिवसाने रक्कम एक डॉलरनेही वाढली नाही. पण बोललेल्यांपैकी कोणीही मान खाली घालून बोललं नाही.

ती बाटली फेकू नका. तिच्या लेबलवर तारीख आहे, ताकद आहे, ‘दर बारा तासांनी’ असं लिहिलेलं आहे का तेही बघा. मुलगा हो म्हणाला तर काउंटीच्या बैठकीला ती पर्समध्ये घेऊन जा. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतील, म्हणून घरी घड्याळ लावून सराव करा. इंग्रजी अडलं तर अडू द्या. बाटली टेबलावर ठेवा आणि विचारा, या बाटलीचे आलेले पैसे कुठे गेले. काय उत्तर मिळालं ते मला कळवा, मी ते याच सदरात छापेन.

तुमचा,
दादा